हरलेल्या पाट्या

ऑक्टोबर संपत आला की विनिपेगमध्ये
कुत्रीसुद्धा अंगणाच्या कोपऱ्यावरून परत फिरतात.
आम्ही निघालो.
हातात याद्या, पेन्सिली, कारण शाई गोठते,
आणि जेरिकच्या पाठपिशवीत थर्मासभर सूप.
त्याच्या आईने बजावलेलं :
मत मिळो न मिळो, भांडं परत आलं पाहिजे.

प्रत्येक दारापुढे एक आकडा लिहायचा.
एक म्हणजे आपला,
पाच म्हणजे अंगावर कुत्रं सोडेल.
बहुतेक घरं तीन.
तीन म्हणजे ‘बघू’.
‘बघू’चा चेहरा सगळ्या भाषांत सारखाच :
दार अर्धं, पाऊल आत.

म्हणणं दोन मिनिटांत मांडायचं होतं.
मला ते कधी जमलं नाही.
मी अठरा वर्षं बस चालवते.
रात्रीची शेवटची फेरी बंद झाली तेव्हा
इस्पितळात फरशी पुसणाऱ्या तिघी
कुठल्या थांब्यावर उतरायच्या, मला पाठ आहे.
मी तिथून सुरू करायचे.
मग वाचनालय, आठवड्यातून तीनच दिवस उघडणारं,
मग पोहण्याचा तलाव, ज्यात आता गवत पोहतं,
आणि घरं उबदार करण्याच्या कामापर्यंत पोचेस्तोवर
समोरच्याचा चहा निवलेला.
डेल्फीन, आमची उमेदवार,
मागून हळूच माझी बाही ओढायची.

बोहदान हृत्सिव म्हणाला,
मतांचं राहू द्या, आधी भिंतीला हात लावा.
लावला.
थंडी भिंतीच्या आत राहायला आली होती,
भाडं न देता, सहकुटुंब.
एकतीस वर्षं रेल्वेचे डबे जोडले मी, म्हणाला,
डब्यालासुद्धा आतून अस्तर असतं.
जेरिक भिंतीवर बोटं वाजवत गेला,
डॉक्टर छाती तपासतो तसा.
पोकळ आहे. नळीने कागदाचा भुसा भरायचा.
दोन दिवसांचं काम.
मला येतं. प्रमाणपत्र आहे.
मग करत का नाहीस?

जेरिक बुटांकडे बघत राहिला.
महापालिकेने पैसे ठेवले, मी म्हणाले,
तर याच्यासारख्या चाळीस पोरांना काम आहे.
आणि नाही ठेवले तर?
तर गोदामात खोकी उचलतो, तोच म्हणाला.
बोहदानने माझ्या हातातली पेन्सिल घेतली,
स्वतःच्या नावापुढे स्वतःच आकडा लिहिला.
रस्त्यावर आल्यावर मी पाहिला.
तीन.

एकेचाळीस मतांनी हरलो.
कुणीतरी केक आणला होता, कुठल्याही निकालाला चालेलसा,
वर काहीच न लिहिलेला.
थर्मास कुठल्या दाराशी राहिला, आठवेना.
मी एकेचाळीस दारं शोधत होते मनात :
जिने चढायचा कंटाळा केला ती इमारत,
अंधार पडला म्हणून सोडलेली गल्ली,
आणि ती बाई, जिला मी म्हणाले होते, पुन्हा येते.
घरी जायला बस नव्हती.
ती असती तर मीच चालवत असते.

रविवारी पाट्या उपटायला निघालो.
पन्हाळीदार प्लास्टिकच्या, पोटात हवेच्या नळ्या.
बोहदानच्या अंगणात आमची पाटी कधीच नव्हती,
पण तो फाटकाशी उभा : सगळ्या इकडे आणा.
मागच्या खोलीच्या खिडक्यांना ठोकतो.
जेरिकने कपाळावर हात मारला.
असं नाही करत हे काम.
तू नीट करशील तेव्हा काढू, बोहदान म्हणाला,
आणि खिळे तोंडात धरले.

नाव आत की बाहेर, यावर वाद झाला.
शेवटी आत.
डेल्फीनचं नाव, हिरव्या अक्षरांत, बारा वेळा,
दोनदा उलटं.

निघताना मी भिंतीला हात लावला.
तशीच गार.
यादी काढली, तीनचा आकडा खोडू लागले.
राहू दे, तो म्हणाला, चार वर्षं आहेत.

ओट्यावर थर्मास होता, घासून पालथा घातलेला.
झाकण मात्र दुसऱ्याच कुणाचं.